जोसेफचा घास

मिरिआमा त्या सकाळी फक्त शर्यत जिंकायला निघाली होती. प्रेमात वगैरे पडायचा तिचा काही विचार नव्हता – आणि असता तरी ताकुरेआ बेटावर पडणार कुणाच्या?

प्रवाळाच्या कड्याबाहेर मालाचं जहाज येऊन थांबलं होतं. तांदूळ, पीठ, डिझेल... आणि कठडा धरून उभा असलेला एक अनोळखी तरुण. पाहुणा! कित्येक महिन्यांत बेटावर पाहुणा आला नव्हता, त्यामुळे दोन्ही होड्या एकदमच सुटल्या. एक थोरल्या पातीची, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेची, ‘मार्था’, तिच्या इंजिनावर मिरिआमा. दुसरी धाकट्या पातीची, तिच्यावर तेपो. ज्या पातीचा हात जहाजाला आधी लागेल, पाहुणा त्या पातीचा. तो त्यांच्याच घरी उतरणार, चर्चमध्ये त्यांच्याच बाकावर बसणार आणि बेटावर असेतो त्या घरचं लेकरू म्हणून वावरणार. नियम मूळपुरुषाने घालून दिलेला, तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

तेपो पुढे होता. पण कड्यातल्या अरुंद वाटेपाशी त्याने लाटेचा अंदाज घ्यायला वेग कमी केला, आणि मिरिआमाने केला नाही. ‘मार्था’ फेसातून उसळून बाहेर पडली. मिरिआमा नखशिखान्त भिजली, केस तोंडावर चिकटले, आणि तशीच उभी राहून तिने जहाजाच्या गंजक्या अंगावर थाडकन थाप मारली.

“हात लागला,” ती वर बघून म्हणाली.

“कुणाला?” वरून प्रश्न आला.

“तुम्हालाच, असं समजा. बॅग टाका खाली. आता तुम्ही आमचे.”

तो कठड्यावरून वाकला. मग हळूच हसला. “नाव-गाव न विचारता?”

“नाव पापा विचारतील. माझं काम तुम्हाला कोरडं पोचवायचं.”

कोरडा काही तो पोचला नाही. परतीच्या वाटेवर मिरिआमाने होडी अशी काही लाटेच्या अंगाने घातली की त्याच्या डोक्यावरून पाणी गेलं. “हे मुद्दाम होतं,” डोळे पुसत तो म्हणाला. “छे,” ती म्हणाली, आणि उगाचच इंजिनाकडे बघत बसली. त्याच्या हातांवर पांढरे बारीक वण होते. नाक उन्हाने सोललेलं होतं. एवढं सगळं तिने कधी पाहून घेतलं, तिचं तिलाच कळलं नाही.

किनाऱ्यावर सगळं बेट जमलं होतं. सगळं बेट म्हणजे पन्नासेक माणसं. मिरिआमाचे वडील, पापा एनोका, थोरल्या पातीचे कर्ते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पुढे आले. त्यांनी पाहुण्याच्या हातात शहाळं दिलं आणि रीतसर पूर्ण नाव विचारलं.

“कॅलम,” तो म्हणाला. “कॅलम हॉस्किट. टास्मानियातून आलो. हॉबर्टहून.”

कुणीतरी बादली खाली ठेवली, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. इतकी शांतता त्या किनाऱ्यावर वादळ येऊन गेल्यावरसुद्धा पडली नव्हती.

कारण असं की ताकुरेआवर एक पाद्रीबाबा सोडले तर झाडून सगळे हॉस्किटच. जॉन हॉस्किट हा शिडं शिवणारा कारागीर दीडशे वर्षांपूर्वी इथे उतरला, त्याने शेजारच्या बेटावरच्या दोन चुलत बहिणींशी लग्नं केली आणि बेटाचे सरळ दोन भाग केले. थोरलीची लेकरं वाऱ्याच्या बाजूला, धाकटीची आतल्या उथळ पाण्याच्या बाजूला. एका पातीतली सगळी भावंडं. लग्न करायचं तर दुसऱ्या पातीत नाहीतर परक्यात. पुढे हॉस्किट मंडळी ऑकलंडला, सिडनीला, रारोटोंगाला पांगली, हजाराच्या वर गेली. पण कोण कुठल्या पातीचा हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. आडनाव हॉस्किट आणि पाती माहीत नाही, असा माणूस आजवर कुणी पाहिला नव्हता. आणि तो समोर उभा राहून शहाळं पीत होता.

“कुणाचा रे तू?” रुता आत्याने विचारलं. पापांची ही मोठी बहीण. बेटावरचं एकूण एक लग्न तिच्या शब्दाने ठरायचं.

कॅलमने वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, पणजोबांचं सांगितलं. “त्याच्या मागे एक पोर. हॉबर्टच्या धक्क्यावर वाढलेलं. त्याच्या बापाचं नाव काय, तो गेला कुठे, ते आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. तेच विचारायला आलोय.”

पापांनी निकाल दिला. “बापाचा पत्ता नाही म्हणजे पातीचा पत्ता नाही. मग हात ज्यांचा, पाती त्यांची. तू थोरल्या पातीचा. मिरिआमा तुझी बहीण.”

मिरिआमाने आपल्या उजव्या हाताच्या तळव्याकडे पाहिलं. गंजाचा लाल डाग अजून गेला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच तिला शर्यत जिंकल्याचा पस्तावा झाला.

*

पुढचे दिवस विचित्र गेले. जहाज उत्तरेकडच्या बेटांना गेलं होतं, परत येऊन कॅलमला घेऊन जाणार होतं. तोवर तो घरातच होता. मिरिआमा मासे साफ करायच्या शेडमध्ये काम करायची. निळे-हिरवे पोपटमासे सोलून, बर्फात घालून जहाजाने पाठवायचे, हाच बेटाचा धंदा. कॅलम रोज तिथे येऊन सुरी हातात घ्यायचा आणि निम्मा मासा वाया घालवायचा.

“दादा, तो मासा आहे, दगड नाही,” ती म्हणायची. तो थडग्यांचे दगड घडवायचा, त्यांवर अक्षरं कोरायचा. हातावरचे वण छिन्नीचे होते.

“दादा म्हणू नकोस.”

“मग काय म्हणू? पापांनी सांगितलंय.”

“आणि पापांनी असं बघायला सांगितलंय? तुमच्याकडे भावाकडे असं बघतात?”

मिरिआमाने मान खाली घातली. माशाच्या खवल्यांकडे बघत राहिली... कान मात्र तापले होते. रुता आत्या पलीकडे बर्फ फोडत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

एकदा त्याने आत्यालाही हादरवलं. जगात हॉस्किट किती आणि कुठे आहेत, याचा त्याने शोध घेतला होता. ऑकलंडला सर्वांत जास्त, मग सिडनी, मग रारोटोंगा, आणि ते सगळे याच बेटाचे. बेटाशी नातं नसलेलं घर एकच, हॉबर्टचं त्याचं स्वतःचं. सात माणसांचं.

“आणि विलायतेत?” आत्याने ऐटीत विचारलं. विलायतेत गल्लोगल्ली हॉस्किट असणार, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती.

“एकही नाही. एका खेड्यात होते म्हणतात. ते घर केव्हाच बुडालं.”

आत्या बर्फाच्या पेटीवरच बसली. “म्हणजे जगात आपण एवढेच?” तिने दोनदा विचारलं. संध्याकाळी मिरिआमाचे केस विंचरताना तिनेच कॅलमचा विषय काढला. तो परक्या आडनावाचा असता तर वाट होती, ती म्हणाली. रारोटोंगाला जाऊन परत आला असता, आपण ‘मार्था’ जरा सावकाश हाकली असती, तेपोचा हात आधी लागू दिला असता, म्हणजे तो धाकट्या पातीचा झाला असता. असं पूर्वी झालंय, आणि सगळ्यांनी तेव्हा दुसरीकडे पाहिलंय. “पण हॉस्किटची पाती एकदा ठरली की ठरली. समजलीस? डोळे आवर.”

मिरिआमाला समजत होतं. धाकट्या पातीत लग्नाजोगे पुरुष तीन. एक साठी उलटलेला विधुर, एकाला अजून मिसरूड फुटायचं होतं, आणि तिसरा तेपो, ज्याला लाट पाहिली की धडकी भरायची. आजवर तिला याचं फक्त हसू यायचं. आता रडू यायला लागलं होतं.

एका दुपारी समुद्रावरून सर धावत आली. वाळत घातलेलं खोबरं झाकायला दोघं ताडपत्री घेऊन धावली, आणि ताडपत्रीखाली दोघंच अडकली. वर पाऊस ताशा बडवत होता. त्याच्या सदऱ्याला खोबऱ्याचा आणि ओल्या मिठाचा वास होता.

“तू माझी बहीण नाहीस, मिरिआमा,” तो म्हणाला.

“कशावरून?”

“माहीत नाही. पण नाहीस. मला तू... हवी आहेस. बस, सांगून टाकलं.”

तिला बोलायचं होतं. ‘मलाही’ एवढा एकच शब्द होता. पण तिने विचारलं ते भलतंच. “तू पहिल्यांदा कुणाचा दगड कोरलास?”

“त्या पोराचाच. धक्क्यावरच्या. अक्षरं झिजली होती, वडिलांनी माझ्याकडून पुन्हा कोरून घेतली. नावाखाली दोनच शब्द आहेत.”

“कोणते?”

“सांगेन. तू मला उत्तर देशील तेव्हा.”

सर थांबली. ताडपत्री उचलली तर समोर पापा उभे. ताडपत्रीची दोन टोकं धरून त्यांनी घडी घातली आणि घरी निघून गेले.

*

त्या संध्याकाळी जेवणावरून वाजलं. बेटाची रीत अशी की पाहुण्याने एकट्याने आधी जेवायचं, आणि घरच्यांनी उभं राहून पंख्याने माश्या वारायच्या. पाहुण्याचं उरकलं की मग घरची पंगत. कॅलम आल्यापासून असाच एकटा जेवत होता. त्या दिवशी तो ताटावर बसेचना.

“पापा, मी या घरचा मुलगा आहे ना?” त्याने विचारलं. “मग मला पाहुण्यासारखं वेगळं का बसवता? मुलगा असेन तर पंगतीत बसवा. पाहुणा असेन तर मिरिआमा माझी बहीण नाही. दोन्हीकडून मला नका मारू.”

पापा म्हणजे सभेत धाकट्या पातीला गप्प करणारा माणूस. पण त्यांनी हाताने जागा दाखवली. सगळे एका चटईवर बसले. नीरफणसाचे भाजलेले काप, मासा, नारळाचं दूध. पापांनी प्रार्थना म्हटली. मग मिरिआमाने, रोजच्यासारखं, माशाचा एक चांगला तुकडा आणि नीरफणसाचा एक काप कोपऱ्यातल्या रिकाम्या बशीत काढून ठेवला.

“हा कुणाला?” कॅलमने विचारलं.

“जोसेफचा.”

कॅलमचा हात ताटातच थांबला. “कोण जोसेफ?”

“बायबलमधला,” आत्या म्हणाली. “भावांनी विकला तो. दोन्ही पातींत प्रत्येक घरी काढतात. मूळपुरुषापासून चालत आलंय. म्हातारा म्हणे ती बशी भरल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसे. नंतर तो घास आम्ही समुद्राला घालतो. का रे? असा पांढरा का पडलास?”

कॅलम पाणी प्यायला आणि अगदी हळू बोलला.

“धक्क्यावरच्या पोराचं नाव जोसेफ. चार वर्षांचा होता. बाप शिडं शिवायचा. बाप एका सकाळी जहाजावर गेला. आई सांगायची, बाबा जेवायला येतील. तो आला नाही. जोसेफ म्हातारा होऊन मेला तरी ताटावर बसण्याआधी दाराकडे बघायचा. त्याच्या दगडावर तेच दोन शब्द आहेत.” त्याने मिरिआमाकडे पाहिलं. “‘वाट पाहिली.’”

मिरिआमाने कोपऱ्यातल्या बशीकडे पाहिलं.

“जोसेफ काय, जगात पुष्कळ,” पापा म्हणाले. आवाज मात्र त्यांचा नव्हता. “त्याच्या आईचं नाव काय होतं?”

“मार्था.”

आत्याने डोळे मिटून घेतले. बेटावरची पहिली होडी मूळपुरुषाने स्वतः बांधली होती आणि नाव ठेवलं होतं ‘मार्था’. तिच्यानंतर थोरल्या पातीची प्रत्येक होडी ‘मार्था’च. तेही नाव बायबलमधलंच, असं सगळे धरून चालले होते. सगळी भाविक माणसं. देवाच्या पुस्तकातली नावं आपल्या घरातलीही असू शकतील, असं कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

पापा ताटावरून उठले. थोरली पाती थोरली नव्हती. तिच्याआधी एक बायको होती, तिचा एक मुलगा होता. ज्याच्या नावाने बेट शपथा घ्यायचं तो पुण्यवान म्हातारा चार वर्षांच्या पोराला दारात बसवून निघून आला होता, आणि आयुष्यभर त्याच्या वाटणीचा घास काढत राहिला होता. पापा दाराशी थांबले. न वळता म्हणाले, “हे घराबाहेर जाता कामा नये.”

*

पण बेटावर घरातल्या घरात काय राहतं? सकाळपर्यंत पाण्याच्या टाकीपाशी दुसरी गोष्टच नव्हती. बादल्या भरून वाहू लागल्या तरी बायका नळ बंद करायचं विसरत होत्या. धाकट्या पातीचे कर्ते तामाती आपल्या अंगणात येरझाऱ्या घालत होते. हसावं की रडावं, त्यांनाही समजेना.

आता सगळं पापांवर होतं. त्यांनी कॅलमला जोसेफचा म्हणून मानला तर तो तिसऱ्या पातीचा, किंबहुना पहिल्याच पातीचा. मिरिआमाचा मार्ग मोकळा. पण मग चर्चमधला पहिला बाक, सभेतला पहिला शब्द, जाळ्यातला पहिला मासा, पिढ्यान्‌पिढ्या जपलेला सगळा मान त्यांच्या हातून जाणार. आणि मानला नाही तर तो मिरिआमाचा भाऊ, आणि रविवारी येणाऱ्या जहाजाने कायमचा दूर.

शनिवारी दुपारी पापा ‘मार्था’ला रंग देत बसले होते. मिरिआमा जाऊन शेजारी बसली.

“मी त्या बाकावर बापाच्या मांडीवर बसलोय,” पापा म्हणाले. “तो सोडू?”

“मी सोडा म्हणत नाही, पापा.” तिने दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून धरले. “मला तो आवडतो. फार आवडतो. पण त्याच्यासाठी मागणं नाही माझं. एवढंच सांगते, उद्यापासून जोसेफचा घास मी काढणार नाही. ज्याच्यासाठी काढतो तो दारात आलाय. त्याला परत पाठवायचं आणि मागे त्याचा घास काढायचा... मला नाही जमणार. आणि समुद्रालाही नको झालं असेल.”

पापा रंगवत राहिले. नावातलं एकच अक्षर त्यांनी तीनदा रंगवलं.

रविवारी घंटा झाली. बाकीचे आत बसले. पहिला बाक रिकामा होता. पापा एनोका, त्यांची बहीण, त्यांची मुलगी, सगळी थोरली पाती दाराशीच उभी. पाद्रीबाबा पुस्तक उघडून वाट बघत होते. मग पापा चालत आले ते दुसऱ्या बाकापाशी थांबले.

“तामाती, सरक.”

“एनोका, हा आमचा बाक आहे.”

“होता,” पापा म्हणाले. “तुमचा आता तिसरा.”

तामातींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, पण ते उठले. त्यांच्यामागे त्यांची पाती उठली, मागचे आणखी मागे सरकले, टोप्या पडल्या, लहान मुलं भलत्याच मांड्यांवर गेली. सगळं स्थिरावल्यावर पापांनी दारातल्या कॅलमला बोट करून पहिला बाक दाखवला. तो एवढ्या लांब बाकावर एकटाच बसला. मागून मिरिआमाला त्याची मान दिसत होती, आणि ती लाल झाली होती.

जेवायला दोन्ही पाती एनोकांच्या अंगणात जमल्या. बोलावलं कुणीच नव्हतं. प्रार्थना झाली. मिरिआमाने कोपऱ्यातली बशी घेतली, पण तिचा हात पुढे होईना. तेव्हा पापांनी स्वतः मासा घातला, नीरफणसाचा काप घातला, आणि ती बशी नेऊन कॅलमपुढे ठेवली.

“फार उशीर झाला तुला यायला,” ते म्हणाले. “गार झालंय सगळं. पण तुझंच आहे. खा.”

कॅलमने घास हातात घेतला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलंही नाही. आत्या रुमालाचं टोक तोंडात धरून उभी होती. दूरवर कड्याबाहेर जहाजाचा भोंगा वाजला, आणि तेपोसुद्धा जागचा हलला नाही.

कॅलमने घासाचे दोन भाग केले. एक खाल्ला. दुसरा मिरिआमासमोर धरला.

“त्या दिवशीचं उत्तर राहिलंय,” तो म्हणाला.

मिरिआमाने पापांकडे पाहिलं. पापा पंखा घेऊन माश्या वारत होते, नजर भलतीकडेच.

“माझ्याकडे काय बघतेस?” ते म्हणाले. “तो तुझा कुणी लागत नाही.”

इतकं गोड बोलणं मिरिआमाने आयुष्यात ऐकलं नव्हतं. तिने सगळ्यांदेखत पुढे होऊन त्याच्या हातातला घास खाल्ला, आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, “मलाही.”